दुकान हलवलं, पण पाटी लावायची राहिली

"सर, महिन्याला किती लागतात?"

ऑनलाइन स्टोअरचा विषय निघाला की बॅचमधला पहिला प्रश्न हाच असतो. मग वहीत दोन-तीन प्लॅटफॉर्मची नावं, पुढे भाडं, आणि जिथे आकडा सगळ्यात लहान तिथे गोल. मीसुद्धा २०२३ मध्ये असाच गोल केला होता. बीबीए झालेला माणूस, दुकानात बसून लोकांना कॉस्टिंग शिकवणारा, आणि स्वतःच्या दुकानाचं कॉस्टिंग मात्र एका गोलात उरकलं. त्या गोलाची किंमत मला गणपतीत कळली.

आमचं पेणकरपाड्यात भांड्यांचं दुकान आहे. पप्पांनी सुरू केलेलं. स्टीलचे डबे, बिडाचे तवे, सोऱ्या, पुरणयंत्र, मोदकपात्र. माल बराचसा भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांमधून येतो, म्हणजे कारखाना ते दुकान अंतर रिक्षाचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शटर खाली होतं तेव्हा मी वेबसाइट बनवली. फुकटातलं सॉफ्टवेअर, स्वस्तातलं होस्टिंग, फोटो मोबाइलवर काढलेले. दिसायला ओबडधोबड, पण चालायची. तीन वर्षांत तिच्यावरून इतके ऑर्डर यायला लागले की गणपती आणि दिवाळीत पॅकिंगला एक मुलगा ठेवावा लागायचा.

मग साइट हळू झाली, एकदा दोन दिवस बंद पडली, आणि मी वैतागलो. भाड्याने मिळणाऱ्या तयार प्लॅटफॉर्मवर जायचं ठरवलं. प्लॅटफॉर्मचं नाव घेत नाही, कारण चूक बरीचशी माझीच होती. एक फ्रीलान्सर मिळाला, तो म्हणाला, "पंधरा हजारात सगळं हलवून देतो, आठ दिवसांत." ऑगस्टमध्ये काम सुरू झालं. गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. हे वाक्य परत वाचा, कारण पहिली चूक त्यातच आहे. भांडीवाल्याने ऑगस्टमध्ये दुकान हलवायचं नसतं.

नवीन साइट देखणी होती. बायकोने बघून "आता कुठे दुकानासारखं दिसतंय" म्हटलं. आणि ऑर्डर थांबले.

एकदम नाही. आधी वाटलं पाऊस आहे, महिनाअखेर आहे. मागच्या वर्षी गणपतीच्या आधीच्या पंधरा दिवसांत मोदकपात्रांचे १४० नग ऑनलाइन गेले होते, त्या हिशोबाने मी यंदा माल भरला होता. पुरवठादाराला सांगितलं होतं, विसर्जन झालं की पैसे देतो. चतुर्थीच्या आठवडाभर आधीपर्यंत २१ नग गेले होते.

कारण सापडलं तेही योगायोगाने. कोपरखैरण्याच्या एक जुन्या ग्राहक बाई फोन करून म्हणाल्या, "तुमचं दुकान बंद झालं का? ती लिंक उघडतच नाही." मी नवीन साइटची लिंक पाठवली, त्यांनी लगेच ऑर्डर दिली. मग डोक्यात प्रकाश पडला. जुन्या साइटवर प्रत्येक वस्तूचा पत्ता एका पद्धतीने बनायचा, नव्या साइटवर दुसऱ्या. फरक किती, तर मधल्या एका शब्दात शेवटी एक 'एस' जास्त. पण इंटरनेटला एका अक्षराने दुकान सापडत नाही. गूगलवर आमचं मोदकपात्राचं पान पहिल्या पानावर यायचं, ते जुन्या पत्त्याचं. एका रेसिपी चॅनेलवर व्हिडिओच्या खाली आमची लिंक होती, ती जुनी. शेकडो ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आम्ही पाठवलेल्या लिंका होत्या, त्या जुन्या. आणि खोक्यांवर लावायला छापलेल्या २००० स्टिकरांवरचा क्यूआर कोड उघडत होता जुनं 'ऑफर' पान. हे सगळे लोक दारापर्यंत येत होते आणि "पान सापडले नाही" वाचून परत जात होते.

पप्पांना इंटरनेटचं काही कळत नाही. त्यांना मी समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे गाळा बदलला आणि पाटी नाही लावलीस."

अगदी तेच. बाजारात दुकान हलतं तेव्हा जुन्या शटरवर महिनोन् महिने कागद असतो, 'आमचे दुकान समोरील गाळ्यात स्थलांतरित झाले आहे'. ऑनलाइन या कागदाला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात. जुना पत्ता उघडला की माणूस आपोआप नव्या पत्त्यावर पोचतो, आणि गूगललाही कळतं की हलणं कायमचं आहे. पण हा कागद प्रत्येक पानासाठी लावावा लागतो. मोदकपात्राच्या जुन्या पत्त्यावरून मोदकपात्राच्याच नव्या पानावर. सगळ्यांना सरसकट होमपेजवर पाठवलं तर तो माणूस तिथे शोधत बसत नाही, निघून जातो. गूगलचं स्वतःचं सांगणं आहे की हे रीडायरेक्ट जितके दिवस ठेवता येतील तितके ठेवा, साधारण किमान एक वर्ष. म्हणजे पाटी एकदा लावली की काढायची घाई नको.

आमच्या फ्रीलान्सरच्या 'सगळं'मध्ये हे नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "ते एसइओचं काम, वेगळं." त्याचंही चूक नाही. मी विचारलं नव्हतं, त्याने सांगितलं नव्हतं. मग मी आणि बायको रात्री दुकान बंद करून बसलो, जुन्या २८० वस्तूंची यादी काढली, समोर नवा पत्ता, एकेक ओळ. चार रात्री गेल्या. त्या चार रात्रींची मजुरी कुठल्याच रेटकार्डवर नसते.

आता बाकीचं सांगतो, ते मला टप्प्याटप्प्याने कळत गेलं.

वस्तूंची यादी एका प्लॅटफॉर्मवरून दुसऱ्यावर नेताना ती साधारण सीएसव्ही फाइलमधून जाते. ही फाइल एक्सेलमध्ये उघडून साध्या सीएसव्हीत परत सेव्ह केली की मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात. 'पुरणयंत्र' लिहिलं होतं तिथे '?????'. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा पर्याय निवडायचा असतो, एवढंच. तसंच बारकोड. आपल्याकडचे बारकोड ८९० ने सुरू होतात, तेरा आकडी. एक्सेल त्या लांब आकड्याचा संक्षेप करून टाकतं आणि शेवटचे आकडे शून्य होऊन बसतात. तो कॉलम आधी 'टेक्स्ट' करून घ्यायचा. मला हे दोन्ही आधी कुणी सांगितलं असतं तर एक अख्खा रविवार वाचला असता. असो, आता तुम्हाला सांगितलं.

पण त्या फाइलमधला खरा घाव वजनाचा होता. जुन्या साइटवर प्रत्येक वस्तूचं वजन आणि खोक्याची लांबी-रुंदी-उंची भरलेली होती. नव्यात ते कॉलम आलेच नाहीत. नव्या साइटने सगळ्या वस्तूंना अर्धा किलो धरलं. ग्राहकाला शिपिंग लागलं अर्ध्या किलोचं, आणि कुरिअरने आमच्याकडून घेतलं खोक्याचं.

भांड्याच्या धंद्यात खोक्याचं म्हणजे काय ते बघा. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते लावतात. आकारमानाचं वजन म्हणजे सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, आणि त्याला भागिले ५०००. काही कंपन्या त्याहून लहान आकड्याने भागतात, म्हणजे वजन आणखी चढतं. आमचा डब्यांचा सेट काट्यावर अडीच किलो भरतो. खोकं ४० बाय ३० बाय ३०. म्हणजे ३६,००० भागिले ५०००, ७.२ किलो. डबा पोकळ असतो हो, आपण हवेचं भाडं भरतो. एकात एक डबे घालून ३० बाय ३० बाय २५ च्या खोक्यात बसवलं तर तेच ४.५ किलोवर येतं. हे आम्ही जुन्या साइटवर शिकलो होतो, नव्यावर परत पैसे देऊन शिकलो. दीड महिन्याने कुरिअरचं बिल आलं तेव्हा ११ हजारांवर रक्कम नुसती वजनाच्या फरकाची होती. ग्राहकाकडे कुठल्या तोंडाने मागणार?

टक्केवारीचा विषय मी व्हिडिओत फळ्यावर मांडला होता, इथे थोडक्यात. बहुतेक पेमेंट गेटवे साधारण २ टक्के घेतात, आणि त्या २ टक्क्यांवर १८ टक्के जीएसटी. हजाराच्या ऑर्डरला २३ रुपये ६० पैसे. लोक म्हणतात, यूपीआयला तर काही लागत नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर एमडीआर शून्य आहे हे खरं, पण गेटवे आपल्या सेवेचं शुल्क लावू शकतो आणि बरेच लावतात. तुमच्या प्लॅनमध्ये यूपीआयची ओळ वेगळी शोधून वाचा. याच्यावर काही प्लॅटफॉर्म स्वतःचा हिस्सा घेतात. शॉपिफायचं उदाहरण सगळ्यांना माहीत असावं. त्यांचा स्वतःचा गेटवे वापरला तर हा वेगळा हिस्सा माफ असतो, पण तो गेटवे भारतात मिळत नाही. म्हणून इथला दुकानदार दुसरा गेटवे जोडतो आणि सुरुवातीच्या प्लॅनवर प्रत्येक विक्रीमागे आणखी २ टक्के प्लॅटफॉर्मला देतो. हे लपवलेलं नाही, त्यांच्या दरपत्रकात आहे. फक्त आपण महिन्याच्या भाड्यावर गोल करून पुढे जातो.

भांड्यात आमच्या हाती शंभरातले पंधरा राहतात. त्यातले चार-साडेचार असे गेले तर मागे काय उरलं? कपड्यात किंवा सौंदर्यप्रसाधनांत मार्जिन जास्त असतं, तिथे हे खपून जातं. म्हणून दुसऱ्याचं बघून प्लॅटफॉर्म निवडू नका, स्वतःच्या मार्जिनवर निवडा. आणि तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर भाड्यावरचा, गेटवेवरचा, कुरिअरवरचा जीएसटी परत मिळत नाही, तो सरळ तुमच्या खिशातला खर्च आहे.

आणखी एक गोष्ट. जुन्या साइटवर ग्राहकांचे अभिप्राय दाखवायची सोय फुकट होती, नव्यावर त्यासाठी वेगळं अ‍ॅप. बिलाचा नमुना जीएसटीप्रमाणे हवा तर वेगळं अ‍ॅप. सीओडीचा ऑर्डर पक्का करणारा मेसेज, वेगळं अ‍ॅप. प्रत्येकाचं भाडं डॉलरमध्ये, 'फक्त पाच', 'फक्त नऊ'. तिसऱ्या महिन्यात बघितलं तर अ‍ॅपचं भाडं दुकानाच्या भाड्याहून जास्त. बिलावरून आठवलं, नव्या साइटने ऑर्डर नंबर पहिल्यापासून सुरू केले आणि मी तेच बिल नंबर म्हणून वापरले. जीएसटीत एका आर्थिक वर्षात बिलाचा नंबर सलग आणि एकमेव असावा लागतो. सीएने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. नव्या मालिकेला पुढे वेगळं अक्षर लावलं की काम भागतं, पण ते पहिल्या बिलाच्या आधी.

पासवर्ड हलत नाहीत, हेही लक्षात ठेवा. ते कुलूपबंद स्वरूपात साठवलेले असतात. जुन्या ग्राहकाला नव्या साइटवर पासवर्ड नव्याने करावा लागतो, आणि असा मेसेज आला की निम्म्या लोकांना ती फसवणूक वाटते. आम्हाला फोन आले, "तुमच्या नावाने कुणीतरी लिंक पाठवतंय." त्या लोकांचं काय चुकलं? आपणच त्यांना सांगतो, अनोळखी लिंक उघडू नका. आधी आपल्या नेहमीच्या नंबरावरून, साध्या मराठीत, दुकानाचा फोटो टाकून कळवायला हवं होतं.

हे झालं आपण आपल्या मर्जीने हलण्याचं. गाळेमालकाने बाहेर काढलं तर?

आपल्याकडे ते बऱ्याचदा झालं आहे. मुंबईत २००० च्या सुमारास बाझी डॉट कॉम नावाची साइट सुरू झाली, आपल्या देशातल्या पहिल्या ऑनलाइन बाजारांपैकी एक. २००४ मध्ये ईबेने ती विकत घेतली, ती ईबे इंडिया झाली. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांपासून जुनी नाणी-तिकिटं विकणाऱ्यांपर्यंत कितीतरी लोकांनी ऑनलाइन विक्रीची बाराखडी तिथे गिरवली. तिथे विक्रेत्याच्या नावापुढे त्याचे अभिप्राय मोजलेले असायचे, आणि गिऱ्हाईक तो आकडा बघून पैसे पाठवायचं. २०१७ मध्ये ईबे इंडिया फ्लिपकार्टकडे गेली आणि १४ ऑगस्ट २०१८ ला बंद झाली. माल विक्रेत्याचा होता, तो राहिला. पण नावापुढचा तो आकडा साइटचा होता. तो दुसऱ्या बाजारात कोण मोजणार?

अलीकडचं उदाहरण तर आपल्या गल्लीतलं आहे. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये फुकट एक पानी वेबसाइट मिळायची, पत्त्याच्या शेवटी 'बिझनेस डॉट साइट'. सलून, क्लास, केटरर, कितीतरी जणांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, टेम्पोच्या मागे, बोर्डावर रंगवला. मार्च २०२४ मध्ये गूगलने या वेबसाइट बंद केल्या. १० जून २०२४ पर्यंत तो पत्ता उघडला की माणूस गूगलवरच्या प्रोफाइलवर जायचा, त्यानंतर तेही थांबलं. फुकट होतं म्हणून तक्रारीला जागा नाही. पण बोर्ड रंगवायचे पैसे ज्याचे त्याचेच गेले. हेच दुकानदार स्वतःचं डोमेन घेऊन त्या पत्त्याने बसले असते तर मागचं पान कुणाचंही असो, बोर्ड तोच चालला असता. डोमेनला वर्षाला साधारण हजाराच्या आसपास लागतात. माझ्या मते एवढा एक खर्च पहिल्या दिवसापासून करावा, बाकी सगळं नंतर.

आणि स्वतःची साइट सोडून मार्केटप्लेसवर जाणार असाल तर हिशोबात दोन ओळी वाढवा. तुमच्या विक्रीतून मार्केटप्लेस ०.५ टक्के जीएसटीचा टीसीएस कापतं, हा दर जुलै २०२४ पासून आहे, त्याआधी १ टक्का होता. आयकराचा टीडीएस ०.१ टक्के, ऑक्टोबर २०२४ पासून. लाखाला सहाशे रुपये. हे पैसे बुडत नाहीत, जीएसटीच्या खात्यात आणि आयकर विवरणपत्रात मिळतात, पण तोवर अडकतात. त्यांच्या गोदामात माल ठेवणार असाल आणि गोदाम दुसऱ्या राज्यात असेल तर त्या राज्यात जीएसटी नोंदणी लागते. म्हणजे रिटर्न वाढले, सीएची फी वाढली. शेजारच्या माणसाने 'तिकडे कमिशन शून्य आहे' म्हटलं की एवढं तरी विचारा.

आमच्या गणपतीचं सांगायचं राहिलं. रीडायरेक्ट लागले तेव्हा चतुर्थीला चार दिवस उरले होते. शेवटी एकूण ५२ नग गेले, काही तर दुकानात येऊन लोकांनी नेले. जवळजवळ शंभर मोदकपात्रं माळ्यावर चढली. पुरवठादाराला शब्द दिला होता, तो भाईंदरचाच, रोजचं तोंड बघणं, त्याला 'पुढच्या वर्षी' म्हणता येत नाही. बायकोने आपली आरडी मोडली. तिने तेव्हा काही म्हटलं नाही. नंतर एकदा फक्त विचारलं, "ते महिन्याचे किती वाचणार होते रे?" मी आकडा सांगितला नाही. तुम्हालाही सांगत नाही, लाज वाटते.

नवीन प्लॅटफॉर्म वाईट नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आम्ही आजही त्याच्यावर आहोत. साइट बंद पडत नाही, बायको मोबाइलवरून स्टॉक बदलते, गर्दीच्या दिवसांत झोप लागते. हलायला नको होतं असं मी म्हणत नाही. रथसप्तमीनंतर हलायला हवं होतं. भांडीवाल्याचा धंदा संक्रांतीच्या वाणापर्यंत असतो, मग गुढीपाडव्यापर्यंत जरा शांतता. प्रत्येक धंद्यात अशी एक शांत खिडकी असते. तुमची कुठली, ते मागच्या दोन वर्षांच्या वहीत दिसेल.

गेल्या महिन्यात काशिमिऱ्याच्या एक ताई भेटायला आल्या. घरगुती मसाले, चिवडा, भाजणी. त्यांना एकाने 'फुकटात नव्या प्लॅटफॉर्मवर हलवून देतो' सांगितलं होतं. मी त्यांना एकच विचारलं, "ताई, डोमेन कुणाच्या नावावर आहे?" त्यांना माहीत नव्हतं. बघितलं तर ज्याने पहिली साइट करून दिली त्याच्या ईमेलवर. म्हणजे सातबारा दुसऱ्याच्या नावावर आणि आपण घर बांधतोय. आधी ते नावावर करून घ्यायला तीन आठवडे गेले, थोडं गोड बोलून, थोडे पैसे देऊन.

मग आम्ही त्यांचा हिशोब मांडला. दोन्हीकडचं भाडं तीन महिने धरलं, कारण जुनं लगेच बंद करता येत नाही. गेटवेचं केवायसी नव्याने होणार आणि सुरुवातीला पैसे खात्यात यायला उशीर होऊ शकतो, म्हणून दोन आठवड्यांच्या मालाचे पैसे बाजूला ठेवले. सीओडीचे परत आलेले पार्सल जाण्याचंही भाडं खातात आणि येण्याचंही, तेही धरलं. पाकिटांवरचा क्यूआर, प्रत्येक वस्तूच्या पानावर एफएसएसएआय नंबर, निव्वळ वजन, एमआरपी परत टाकायची मेहनत. आणि ताईंच्या रात्री, तासाला शंभर रुपये धरून. त्या आधी हसल्या, "माझे कसले पैसे?" मी म्हटलं, लिहा. एकूण आला तेव्हा 'फुकट'च्या पुढे ३१ हजार होते.

त्यांनी हलायचं रद्द नाही केलं. दिवाळीचा फराळ जुन्याच साइटवरून विकायचा, हलवणं फेब्रुवारीत, आधी दहा वस्तू नेऊन स्वतःच्या बहिणीला खरा ऑर्डर द्यायला लावायचा, पैसे खात्यात येईपर्यंत बघायचं, मग बाकीच्या. जुन्या लिंकांची शीट त्यांच्या मुलीने बनवायला घेतली आहे. सध्या तिच्यात ६३ पत्ते आहेत. त्यातले अकरा एका रेसिपी चॅनेलच्या व्हिडिओंखाली आहेत. त्या चॅनेलवाल्यांना मेसेज गेला आहे, उत्तर यायचं आहे.